बहिरी बोटं

माझा आवाज चांगला आहे, हे मला लहानपणापासून लोकांनी इतक्या वेळा सांगितलं, की त्यात माझं स्वतःचं काही कर्तृत्व नाही हे मी पार विसरून गेले. पुढे त्याच आवाजावर नोकरी मिळाली. रेडिओवर निवेदिका म्हणून उभा जन्म काढला; शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, महिलांसाठीचे कार्यक्रम, अधूनमधून नाट्यसंगीताच्या आधीची चार वाक्यं. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाचा उपयोग एवढाच उरला, की आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत टँकरवाल्याला फोन करायचा असला की सगळे मला पुढे करतात. मी “अहो, आपण कधीपर्यंत येताय?” असं विचारलं की तो म्हणे लाजेकाजेस्तव तरी येतो.

त्यामुळे ती मुलगी दारात येऊन “काकू, आम्हाला तुमचा आवाज हवाय” म्हणाली, तेव्हा शोभेपुरते आढेवेढे घ्यायचे असतात तेवढेही मी घेतले नाहीत. मुलगी कॉम्प्युटरमधली. काही डॉक्टर आणि तिच्यासारखी तरुण मंडळी मिळून वस्त्यांमधल्या लोकांसाठी मोबाईलवर चालणारं एक ॲप करत होती. अंगावर चट्टा दिसला की त्याचा फोटो काढायचा, मग ॲप दोन-चार प्रश्न विचारणार, माणसानं तोंडानंच उत्तरं द्यायची, आणि ते सगळं ताडून पाहून कृत्रिम बुद्धिमत्ता सांगणार की हे साधं गजकर्ण आहे की कुष्ठरोगाची सुरुवात, आणि जायचं कुठल्या डॉक्टरकडे.

“अजून आहे कुष्ठरोग?” मी विचारलं.

“आहे ना काकू. तुमच्या-आमच्या एरियात दिसत नाही, एवढंच. आणि आपल्याला दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी फारसं डोकं चालवत नाही.”

मला ते जरा लागलं, पण खोटं नव्हतं. पेठेत राहिलं की जगातलं बरंच काही कधीच संपलंय असं वाटत राहतं. ती पुढे म्हणाली, “लोकांना स्क्रीनवरचं वाचायला नको असतं, म्हणून व्हॉइस. आणि व्हॉइस असा पाहिजे, की ऐकल्या ऐकल्या ट्रस्ट वाटला पाहिजे.” मी म्हटलं, “विश्वास म्हण. तोही वाटेल, आणि मराठीही वाटेल.” ती हसली. आमचं जमणार हे तेव्हाच ठरलं.

शनिवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर छोटासा स्टुडिओ होता. तिथे मी बरेच दिवस जात होते. मला वाटलं होतं, रोगाबद्दलची वाक्यं वाचायची असतील. तर तसं काही नाही. बागेतली फुलं, बसची गर्दी, कुणाच्या तरी मुंजीचं जेवण, असली काहीच्या काही वाक्यं माझ्याकडून वाचून घेतली. काचेपलीकडून ती मुलगी सांगायची, “काकू, थोडं एक्साइटेड होऊन वाचा ना.” मी विचारलं, “लोकांना रोग विचारायचाय की लग्नाचं आमंत्रण द्यायचंय?” माझा ‘ळ’ आणि ‘ण’ ऐकून तिथला ध्वनिमुद्रण करणारा माणूस खूश झाला होता. हल्ली असे मिळत नाहीत म्हणाला. ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण’ घालायला मीच लावलं. गरीब माणसाला कुणी ‘आपण’ म्हणत नाही, निदान यंत्रानं तरी म्हणावं, असं माझं म्हणणं होतं. अजूनही आहे.

काही दिवसांनी मुलीनं मला घरी येऊन मोबाईल ऐकवला. माझाच आवाज. “नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? आपल्या अंगावर कुठे चट्टा आहे का?” हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. माझ्या त्या फुलांच्या आणि मुंजीच्या वाक्यांतून यंत्रानं माझा आवाज शिकून घेतला होता आणि आता तो हवं ते बोलणार होता. श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा माझ्यासारखं. मी घाबरायला हवं होतं बहुतेक. मी मात्र फुलून गेले. समोरच्या बिऱ्हाडाला ऐकवलं, खालच्यांना ऐकवलं. बहिणीला फोन लावून ऐकवलं, तर ती म्हणाली, “तुझ्यापेक्षा जरा कमी भांडखोर वाटतोय.”

आता माझ्या फॉल-पिकोवालीबद्दल सांगते. कारण हे सगळं खरं म्हणजे तिच्याबद्दलच आहे.

ती पर्वतीच्या पायथ्याला, खडकवासल्याच्या कालव्याच्या कडेला असलेल्या वस्तीत राहायची. चंद्रपूरकडची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या कामापायी इकडे आलेली. पेठेतल्या आम्हा काही घरांतून साड्या घेऊन जायची आणि फॉल लावून, पिको करून आणून द्यायची. पिको मशीनवर होतो, पण फॉल ती हातानं लावायची. डाव्या हाताच्या बोटांवर कापड ताणून धरायचं आणि उजव्या हातानं टाके घालत जायचं. साडीच्या वरच्या बाजूनं टाका कुठे आहे ते शोधून सापडायचं नाही. मी एकदा चष्मा लावून शोधलं होतं. आमच्याकडे कौतुक करायची पद्धत नाही, त्यामुळे “बरं झालंय” एवढंच म्हणाले. पेठेत याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं.

ती आली की माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसायची. मी बोलायची, ती ऐकायची. “तुमी बोलल्या का ऐकतच राहावं वाटते जी,” म्हणायची. हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? तिचं स्वतःचं काही सांगायला ती फारशी पुढे यायची नाही, आणि मीही फारसं खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि तिचं काम बिघडायला लागलं. टाके सैल पडत होते. एका साडीचा फॉल पहिल्याच नेसण्यात उसवला. दुसऱ्या एका पांढऱ्या साडीच्या काठाशी तपकिरी ठिपका होता, धुऊनही पुरता न गेलेला. रक्ताचा आहे हे मला कळलं. “टाके घातलेस की नुसते टाकलेस?” मी विचारलं. “डोळे कुठे असतात हल्ली?” ती नुसती हसली आणि साडी पुन्हा पिशवीत घालून घेऊन गेली. दुसऱ्यांदा आणली तेव्हा टाके जरा बरे होते, पण पूर्वीचे नव्हते. मी म्हटलं, चाळिशी लागली असेल, चष्मा लागला असेल. माझा अंदाज तिथपर्यंतच पोचला.

उन्हाळा सुरू झाला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी ती आली. मी चहा केला, स्टीलच्या ग्लासात ओतला आणि पदरानं धरून तिला दिला. घेताना तिची पकड निसटली, ग्लास कलला आणि उकळता चहा तिच्या डाव्या करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर सांडला. माझ्या तोंडून “अगं!” गेलं. तिनं हात झटकला नाही. फरशीवर सांडलेल्या चहाकडे बघून ती म्हणाली, “फडकं कुठं आहे जी? मी पुसते.”

“भाजलं नाही का तुला?”

“नाही जी. हे दोन बोटं भैरी आहेत ना.”

भैरी म्हणजे बहिरी. गावाकडे हातपाय बधिर झाले तर ‘बहिरे झाले’ म्हणतात. हा शब्द मला चांगला ठाऊक होता. रेडिओवर असताना खेड्यापाड्यांतली माणसं भेटायची, पत्रं लिहायची. ‘पाय बहिरा पडला’, ‘अंग बहिरं झालं’ हे मी कितीदा ऐकलं होतं. मी तिचा हात नळाखाली धरला. कातडी लाल होत होती. मी फुंकर घालत होते आणि ती संकोचून उभी होती. दोन्ही बोटं किंचित आत वळलेली होती, ती मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिली.

“कधीपासून हे?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“आणि बोलली नाहीस?”

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “तुमाले सांगतलं होतं ना मी.”

“मला? कधी?”

“वस्तीत शिबिर झालं तेव्हा. मोबाईलमधून तुमीच तं इचारत होत्या.”

मला समजायला वेळ लागला. मग समजलं आणि मी नळ बंद केला.

तिला मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती मी नव्हते. माझा नुसता आवाज होता. माझा आवाज एका यंत्रानं घेतलाय, ते यंत्र बोलत होतं, मी तेव्हा इथे घरात असेन, भाजी निवडत असेन, मला काहीही ऐकू आलेलं नाही. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. ती स्टुलावर बसून शांतपणे ऐकत होती.

“म्हणजे तुमी नव्हत्या?”

“नव्हते गं.”

“आवाज तं तुमचाच होता.”

“हो. आवाज माझाच होता.”

मग तिनं सांगितलं ते असं. शिबिरात तिची पाळी आली. तिथल्या कार्यकर्तीनं तिच्या हातांचे फोटो काढले आणि मोबाईल समोर धरला. मोबाईलमधून माझा आवाज आला, तेव्हा तिला बरं वाटलं. ओळखीचं माणूस भेटलं. तिनं बोटांचं सांगितलं. तर मी, म्हणजे त्या आवाजानं, तिला कानाच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं. तिला जरा विचित्र वाटलं, पण बाई शिकलेल्या, सांगतात तर काहीतरी असेल. कानाची नस बोटापर्यंत जात असेल. ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी बत्ती लावून दोन्ही कान पाहिले आणि कान उत्तम आहेत म्हणाले. तिथे ते संपलं.

“पण नंतर तू कितीदा आलीस इथे,” मी म्हटलं. “एकदा तरी म्हणायचंस.”

“तुमाले माहीतच होतं ना बाई. एकदा सांगून झालं, तुमी सांगतलं तसं केलं. आता पुन्हा पुन्हा आपलंच काय रडत बसावं?”

मी तिला टाक्यांबद्दल टोमणे मारत होते तेव्हा तिच्या लेखी मला सगळं माहीत होतं. बोटं बहिरी आहेत हे माहीत असूनही ही बाई असं बोलते, असं तिला वाटलं असेल आणि तरी ती हसली असेल. हे माझ्या मनातून अजून जात नाही. इतर कशानं नाही, इतकं या एका गोष्टीनं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी तिच्या डाव्या कोपराच्या मागे चाचपून पाहिलं. तिथली नस दोरीसारखी जाड लागत होती. मलाही हात लावून दाखवली. अंगावर चट्टा मात्र कुठेच नव्हता. क्वचित असंही होतं म्हणाल्या. रोग कातडीवर न दिसता नुसता नसेत असतो. मग त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, “मी पेनाचं टोक लावीन. कळलं की ‘हो’ म्हणायचं.”

तळहाताच्या अंगठ्याकडच्या बाजूला पेन लागलं, ती “हाव” म्हणाली. पहिल्या बोटाला लागलं, “हाव.” मग डॉक्टरांनी करंगळीला पेन लावलं. शेजारच्या बोटाला लावलं. बोटाच्या पेराला, खाली तळहाताच्या कडेला, पुन्हा करंगळीला. ती डोळे मिटून बसलेली, चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीसारखी तयारी. थोडा वेळ गेला आणि डोळे न उघडताच ती म्हणाली, “लावा ना जी. थांबल्या काऊन?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पेन तेव्हाही तिच्या करंगळीवरच होतं.

कुष्ठरोग हा शब्द ऐकल्यावर ती घाबरली ती स्वतःसाठी नव्हे. पेठेतली घरं साड्या देतील का, नवऱ्याला कारखान्यात कुणी काही म्हणेल का, हेच विचारत राहिली. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. गोळ्या फुकट मिळतात, नियमानं घ्यायच्या, सुरू झाल्या की तिच्यापासून कुणालाही धोका नाही, रोग पूर्ण बरा होतो. मग मी बोटांचं विचारलं. वाकलेली बोटं पुढे शस्त्रक्रियेनं थोडीफार सरळ करता येतील. पण गेलेली संवेदना परत येणं कठीण आहे. “नस नुकतीच बिघडली होती तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या तर वाचली असती बहुतेक,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते सहज सांगितलं. त्यांना काय माहीत, त्या वेळी कोण कुणाशी बोललं होतं.

ती मान डोलवत होती. बाहेर आल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि मला म्हणाली, “बाई, आता तुमी सांगा. काय म्हटलं त्यायनं बोटांचं?”

“तू ऐकलंस ना.”

“ऐकलं. पण तुमी सांगा.”

मग मी सांगितलं. रोग जाईल, बोटांना कळायला लागणार नाही. रेडिओवर मी पुराच्या बातम्या वाचल्या आहेत, कुणाकुणाच्या जाण्याच्या वाचल्या आहेत. आवाज कधी हलू दिला नाही. त्या बाकावर मला ते जमलं नाही. ती मात्र नीट ऐकून घेऊन म्हणाली, “मंग फॉलचं काम गेलं म्हणायचं.” मी नाही म्हणाले नाही, कारण डॉक्टरांनीच सुईचं काम बंद करायला सांगितलं होतं. टोचलेलं कळत नाही, जखम होते, चिघळते, आणि मग बोटं जातात.

त्या संध्याकाळी मी त्या ॲपवाल्या मुलीला फोन केला. काय बोलले ते आठवत नाही, पण माझी बहीण म्हणते तो भांडखोर आवाज तिनं पुरेपूर ऐकला असणार. ती दुसऱ्याच दिवशी आली. आधी वस्तीत जाऊन, फॉलवालीची परवानगी घेऊन मग माझ्याकडे आली, हे मला आवडलं. तिच्याकडे शिबिरातलं ते बोलणं जपून ठेवलेलं होतं. तिनं लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि लावलं.

“नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे?” माझा आवाज.

“अगं बाई, तुमी? मी जी, फॉल लावते ती.” ती हसत होती.

“आपल्या अंगावर कुठे चट्टा आहे का?”

“चट्टा नाही बाई. पण बोटं भैरी झाली. डाव्या हाताचे दोन. सुई टोचली तरी समजत नाही. रक्त निघालं का मंग दिसते.”

“माहितीबद्दल आभारी आहे. आपण कान, नाक आणि घसा यांच्या डॉक्टरांना दाखवणं योग्य राहील.”

मग काही क्षण नुसती वस्तीतली गडबड ऐकू येत होती. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. आणि मग तिचा आवाज: “कानाच्या? बरं जी. तुमी म्हणता तं जाते. साडी सोमवारी आणून देईन.”

“धन्यवाद. आपली काळजी घ्या,” माझा आवाज म्हणाला. किती छान म्हणाला. मी इतकं मायेनं कधी कुणाला ‘काळजी घ्या’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

मुलगी रडत होती. रडतच तिनं सांगितलं, ॲपला शिकवलेल्या वाक्यांमध्ये ‘बहिरा’, ‘बहिरी’ हे शब्द फक्त ऐकू न येण्यासाठी आले होते. ‘बधिर’ होतं, ‘मुंग्या’ होतं, ‘सुन्न’ होतं. बोटं बहिरी होतात हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं. फोटोत चट्टा नव्हता, म्हणून सगळं त्या एका शब्दावर आलं, आणि यंत्रानं शब्द ऐकून सरळ कान धरला. “काकू, तुम्हाला माहीत होता हा शब्द?” तिनं विचारलं.

“माहीत होता,” मी म्हटलं. “मला कुणी विचारलं नाही. तुम्ही माझा आवाज नेलात. कान इथेच ठेवलेत.”

हे बोलून मला थोडं बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं. तिच्यावर चिडून काय होणार होतं? शनिवार पेठेतल्या त्या खोलीत आम्ही सगळेच होतो. मी तिथे ‘तुम्ही’चं ‘आपण’ करत होते. वस्तीतली बाई काय शब्द वापरेल, हे त्या खोलीत कुणाच्या मनात आलं नाही. आणि हेही सांगायला हवं, की त्याच शिबिरात त्याच यंत्रानं इतर काही जणांचे चट्टे बरोबर ओळखले होते, आणि ती माणसं वेळेवर गोळ्या घेऊन बरी होत होती. त्यातली एक शाळेत जाणारी पोर होती. त्यामुळे मला त्या यंत्राचा धड तिरस्कारही करता येईना. तो करता आला असता तर सोपं झालं असतं.

मी मुलीला सांगितलं, माझा आवाज काढून टाका. ती लगेच कबूल झाली. पण ही गोष्ट फॉलवालीच्या कानावर गेली आणि ती माझ्याकडे आली, हातात गोळ्यांचं पाकीट घेऊनच.

“काढू नका जी,” ती म्हणाली. “तुमचा आवाज होता म्हणून तं मी बोलली. दुसऱ्या कोणाले मी बोटांचं सांगतलंच नसतं. घरी बी नव्हतं सांगतलं.”

मी आवाज राहू दिला. मात्र एक अट घातली. सुरुवातीला एक वाक्य घालायचं, आणि ते यंत्रानं बनवलेलं नको, मी स्वतः येऊन म्हणणार. मी पुन्हा त्या स्टुडिओचा जिना चढले आणि म्हटलं: “हा आवाज एका बाईंचा आहे, पण बोलतंय ते यंत्र. बाई इथे नाहीत.” मुलगी म्हणाली, शेवटचं वाक्य जरा हार्श वाटतं. मी म्हटलं, ते तसंच राहील. ‘बहिरी’ हा शब्दही आता ॲपला शिकवलाय, भैरी, बहिरट, बहिरं पडलं, सगळ्या तऱ्हांनी. त्यासाठी फॉलवालीच दोन दिवस त्या काचेच्या खोलीत जाऊन बसली होती. मुलगी म्हणाली, काकू, त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा गोड आहे. असेलही. मी तो इतक्या वर्षांत नीट ऐकला कुठे होता?

आता ती फक्त मशीनवर पिको करते. फॉल दुसरी एक जण लावते, आणि बरा लावते. मी साड्या फारशा नेसत नाही हल्ली.

डॉक्टरांनी तिला एक गोष्ट जन्मभरासाठी सांगून ठेवली आहे. बोटांना स्वतःचं काही कळत नाही, तेव्हा रोज डोळ्यांनी पाहायचं. कुठे चिरलंय का, भाजलंय का, फोड आलाय का. रोज संध्याकाळी. ती विसरते, कामात असते, कंटाळते, म्हणून मी फोन करते. दिवे लागले की लावते. “हात पाहिलेस का?” एवढंच विचारायचं असतं.

पहिल्या दिवशी तिनं फोन उचलला आणि माझा प्रश्न ऐकून घेतला. मग विचारलं, “बाई, तुमीच हाव ना?” मी म्हटलं, मीच आहे. ती म्हणाली, “कायचं बोलून राहिल्या होत्या काल, माह्या दारात उभं राहून?” आदल्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन आले होते, आणि ते यंत्राला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, तुझ्या तुळशीला कीड लागली आहे, तेच म्हणत होते. मग तिनं हातांचं सांगितलं.

तेव्हापासून रोज असंच चालतं. मी विचारते, ती सांगते. आणि सांगून झाल्यावर तीच मला विचारते.

“तुमी ऐकून राहिल्या ना बाई?”

“ऐकतेय गं.”

“मंग सांगा, काय म्हटलं मी?”

“तव्याचा चटका बसलाय. करंगळीला. बोट पाण्याखाली धरलंस, मलम लावलंस, उद्या दाखवायला जाणार आहेस.”

“हाव,” ती म्हणते, आणि मगच फोन ठेवते.